मूळसर

लग्नाच्या मांडवात जेवणाच्या रांगेत कुणी 'बुफे' हा शब्द उच्चारला, की आमचे सर हातातली ताटली तशीच धरून मागं वळायचे. "बुफे म्हणजे जुन्या फ्रेंचमध्ये बसायचं बाकडं," ते सांगायचे. "आणि इथं बघा, बसायला एक खुर्ची नाही." तेवढ्यात मागची रांग पुढं सरकायची, कुणाची तरी आमटी सरांच्या सदऱ्यावर सांडायची, आणि ती पुसता पुसता सर त्याच माणसाला 'नॅपकिन' कुठून आला ते सांगायला लागायचे. एखादा इंग्रजी शब्द त्यांच्या समोरून तपासणीशिवाय पलीकडे गेला, असं मी कधी पाहिलं नाही. नाक्यावर ट्रक अडवावा तसा ते शब्द अडवायचे. त्यातून त्यांना काही मिळत नसे, आणि ट्रकवाल्याचा वेळ मात्र जायचा.

बारामतीच्या ज्या कॉलेजात मी अकरावी-बारावी केली, तिथं ते इंग्रजी शिकवायचे. तासाला सारखा "याचं मूळ काय?" हा प्रश्न असायचा, म्हणून पोरं पाठीमागं त्यांना 'मूळव्याध' म्हणायची. आम्हा पोरींना तो शब्द तोंडातून काढायची लाज वाटायची, म्हणून आम्ही 'मूळसर' म्हणायचो. दोन्ही नावं सरांना ठाऊक होती. एकदा कुणीतरी फळ्यावर ठसठशीत अक्षरांत 'मूळव्याध' लिहून ठेवलं. सर आले, त्यांनी वाचलं, पण पुसलं नाही. "व्याध म्हणजे शिकारी," ते म्हणाले. "मुळांची शिकार करणारा. नाव चांगलं आहे. फक्त दुखण्यातला व्याध वेगळा, एवढं लिहिणाऱ्यानं लक्षात ठेवावं." मग तो अख्खा तास व्याध आणि व्याधी यांच्यातला फरक समजावण्यात गेला. लिहिणारा पोरगा शेवटच्या बाकावर जांभया देत बसला होता. त्याला तेवढीच शिक्षा झाली, पण ती पुरेशी होती.

मी पणदऱ्याची. आमच्या घरी ऊस आणि गाई. अंधार असताना उठून धारा काढायच्या, शेण उचलायचं, मग अंगाला दुधाचा वास घेऊन शाळेत जायचं, याचा मला मनस्वी कंटाळा होता. बारामतीला कॉलेज म्हणजे सकाळची एसटी, आणि सकाळची एसटी म्हणजे धारांमधून सुटका, असा माझा साधा हिशेब होता. पहिल्याच आठवड्यात सरांनी प्रत्येकाला घरचा धंदा विचारला. मी म्हणाले, "दूध. गाई आहेत आमच्या."

सरांचा चेहरा उजळला. "डॉटर," ते म्हणाले. "हा शब्द आणि आपली संस्कृतातली दुहिता, दोघी एकाच मुळाच्या. आणि दुहिता म्हणजे, काही जण सांगतात, दोहणारी. घरातली धार काढणारी ती मुलगी."

वर्ग हसला. मी घरी येऊन रडवेल्या आवाजात ही तक्रार दादांना सांगितली. माझे वडील, त्यांना मी दादा म्हणायचे, चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी फार गंभीरपणे ऐकून घेतलं. "शैला, एवढी शिकल्याली मानसं खोटं कशाला बोलतील?" ते म्हणाले. "सकाळची गाडी यायच्या आधी दोन गाई पिळून जात जा." त्या दिवसापासून दादांचा इंग्रजी शिक्षणावरचा विश्वास वाढला तो वाढलाच. माझा मात्र बराच कमी झाला.

सरांचा अभ्यासक्रम कधी पुरा झाल्याचं कुणाच्या आठवणीत नाही. धडा उघडायचा, शीर्षकातला पहिला शब्द घ्यायचा, आणि तास संपेपर्यंत आम्ही रोम, ग्रीस असं हिंडून परत यायचो. पास व्हायला गाईड होतंच. शेवटी काही पालकांनी तक्रार केली आणि प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. आत काय झालं ते शिपायानं आम्हाला सांगितलं. प्राचार्य म्हणाले, "सर, सिलॅबस पूर्ण व्हायला पाहिजे." सर म्हणाले, "सिलॅबस हा शब्दच मुळात चुकून झालाय. एका जुन्या लॅटिन पुस्तकात छापणाऱ्यानं भलतंच अक्षर लावलं, आणि नसलेला शब्द जन्माला आला. चुकून जन्मलेली गोष्ट पूर्ण करायचा एवढा आग्रह कशाला?"  प्राचार्यांनी सरांना त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाच्या मंडपाची आणि खुर्च्यांची जबाबदारी दिली. मंडप पडला नाही, पण खुर्च्या आल्या नाहीत. ज्याच्याकडे त्या सांगायच्या होत्या त्याच्याशी सर 'फर्निचर' या शब्दावर बोलत बसले होते.

सरांचं खरं गाव इंदापूर तालुक्यातलं निरवांगी. वर्गात ते अगदी पुस्तकी बोलायचे, पण चिडले की लॅटिन, ग्रीक सगळं बाजूला राहायचं आणि "आरं काय चाललंय काय तुमचं" असं थेट निरवांगीतूनच यायचं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मात्र कुठंही गेल्या तरी निरवांगीतच असायच्या. बारामतीच्या भाड्याच्या खोल्यांत त्या राहिल्या, पण दर आठवड्याला एसटीनं जाऊन गावाकडची डाळिंबाची बाग बघून यायच्या. छाटणी, फवारणी, मजूर, व्यापारी, सगळं त्याच बघायच्या. सर बागेत गेले की मजुरांचं काम थांबतं, असा त्यांचा अनुभव होता.

मी काही पोरींबरोबर शंका विचारायला सरांच्या घरी जायचे. खरं तर शंका नसायच्या, काकूंच्या हातचे धपाटे असायचे. सर चष्मा शोधत घरभर फिरत असायचे. "हजार वर्षांमागचा शब्द सापडतोय," काकू तव्याकडं बघत म्हणायच्या, "आन् सकाळी ठिवल्याला चष्मा सापडत न्हाय." एकदा सरांनी आम्हाला सांगितलं की 'हजबंड' म्हणजे मुळात घर सांभाळणारा, घराचा धनी. काकूंनी आतून विचारलं, "काय म्हनला? घर सांभाळनारा?" सर म्हणाले, "हो." "मंग ती मी हाय," काकू म्हणाल्या आणि धपाटा उलटला.

त्या वर्षी बागेवर तेल्या आला होता. फळांवर काळे डाग पडून ती तडकत होती. काकू दिवसभर बागेत राबून आलेल्या आणि सर त्यांना सांगत होते की हातबॉम्बला इंग्रजीत ग्रेनेड म्हणतात, तो शब्द डाळिंबावरूनच आला. काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "मंग टाका की येक त्या तेल्यावर," त्या म्हणाल्या. सरांना यात थट्टा दिसली नाही. "तसं नव्हे," म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून समजावायला लागले.

सर निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या सभेला मी गेले होते. तोपर्यंत माझं फार्मसीचं शिक्षण संपून लग्न झालं होतं आणि बारामतीतच एका हॉस्पिटलसमोर मी औषधांचं दुकान चालवत होते. प्राचार्यांनी भाषणात मोकळ्या मनानं सांगितलं की सर 'अ व्हेरी नाइस मॅन' आहेत. उत्तराच्या भाषणात सरांनी त्यांचे आभार मानले आणि 'नाइस' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ 'काही न कळणारा' असा आहे, हे नम्रपणे सांगितलं. "प्राचार्यांनी माझं बरोबर मोजमाप केलं," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी पण वाजवल्या, जरा उशिरा.

मग दोघं निरवांगीला राहायला गेले. गावाला असा माणूस परवडतो का, याची मला काळजी होती. पण गावानं त्यांना सांभाळून घेतलं, कारण गावाला करमणूक कमी असते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एक उमेदवार पांढरेशुभ्र कपडे घालून मतं मागायला त्यांच्या ओट्यावर आला. सरांनी त्याला बसवलं आणि सांगितलं की 'कँडिडेट' म्हणजे पांढऱ्या कपड्यातला. रोममध्ये निवडणुकीला उभं राहणारे लोक अंगावरच्या वस्त्राला चुनखडी चोळून ते आणखी पांढरं करत. उमेदवार खूश झाला, आपली परंपरा एवढी जुनी असेल असं त्याला वाटलं नव्हतं. काकू चहा घेऊन आल्या होत्या. कप त्याच्या हातात देत त्या म्हणाल्या, "म्हंजी चुना लावायची रीत तवापास्नंच हाय म्हना." तो उमेदवार निवडून आला, पण त्यानंतर त्यांच्या ओट्यावर मात्र कधी आला नाही.

लसीकरणाच्या काळातली गोष्ट तर निरवांगीत अजून सांगतात. गावच्या शाळेत लस द्यायला लोक आले होते, पण गावकरी पुढं येत नव्हते. नर्सबाईंनी सरांना विनंती केली, "सर, दोन शब्द बोला." सरांना दोन शब्द बोला म्हणणं किती महागात पडतं, हे त्या बिचारीला कुणी सांगितलं नव्हतं. सरांनी व्हॅक्सिन या शब्दापासून सुरुवात केली. "व्हॅक्का म्हणजे लॅटिनमध्ये गाय. पहिली लस निघाली ती गाईला येणाऱ्या देवीवरून." गाय आणि देवी हे दोन शब्द कानावर पडताच ओट्यावरच्या म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले. "गाईचं हाय व्हय? मंग चांगलंच आसंल," म्हणत त्या रांगेत उभ्या राहिल्या. सर धन्य झाले. तेवढ्यात मागून एकानं विचारलं, "गाईचं म्हंजी नेमकं काय घातलंय त्यात?"

आत्ताच्या लसीत गाईचं काही नसतं, हे एक वाक्य होतं. पण सर त्या वाक्याकडं लॅटिनमधून निघाले, आणि ते पोचेपर्यंत अर्धी रांग घरी गेली होती. तेव्हा काकू पुढं झाल्या आणि खुर्चीवर बसून त्यांनी दंड उघडा केला. "ह्यांचं बोलनं मी लगीन झाल्यापास्नं ऐकतीया," त्या लोकांना म्हणाल्या. "मला त्यानं काय झालं न्हाय. मंग ह्या सुईनं काय व्हतंय?" लोक हसले, आणि हसत हसत परत रांगेत आले. संध्याकाळी सर मला फोनवर म्हणाले, "शैला, आज शब्दानं काम केलं बघ." मी हो म्हणाले.

बीपीच्या गोळ्या न्यायला सर महिन्यातून एकदा माझ्या दुकानात यायचे. एसटीनं यायचे, घाम पुसायचे, पाणी प्यायचे आणि काउंटरवरची खोकी वाचायला लागायचे. कॅप्सूल म्हणजे छोटी पेटी, हे ठीक होतं. पण एक दिवस त्यांनी एका गिऱ्हाइकाला सांगितलं की 'फार्मसी' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ औषध असाही होतो आणि विष असाही. त्या माणसानं हातातली बाटली काउंटरवर ठेवली आणि तो समोरच्या दुकानात गेला. तेव्हापासून मी सरांना काउंटरच्या आत, पंख्याखाली बसवायला लागले. त्यांना तो मान वाटायचा.

नंतर एकदा ते ठरलेल्या दिवसाआधीच आले, आणि बरोबर काकू होत्या. काकूंचा चेहरा ओढलेला होता, डोळे पिवळट दिसत होते. "पोटात दुखतंय म्हनून आलो," त्या म्हणाल्या, "ह्यांच्या गोळ्या बी घिऊन जाऊ." मी त्यांना समोरच्या हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले. तपासण्या झाल्या, भरती करून घेतलं. त्यांचा मुलगा पुण्याहून येऊन राहिला, रजा संपल्यावर परत जाऊन पुन्हा आला. मी दुकान सांभाळून अधूनमधून जात होते.

रिपोर्ट आले त्या दिवशी डॉक्टरांनी सरांना खोलीबाहेर पॅसेजमध्ये बोलावलं. मी शेजारी उभी होते. डॉक्टर तरुण होते, स्वभावानं चांगले, पण घाईत. "सर, तुम्ही इंग्रजीचे प्राध्यापक," ते म्हणाले, "म्हणजे मला सोपं आहे." आणि मग त्यांनी सगळं इंग्रजीतच सांगितलं. कुठं सुरू झालं, कुठपर्यंत पसरलं, ऑपरेशन का करता येणार नाही. शेवटी म्हणाले, "आता फक्त पॅलिएटिव्ह केअर." सर मान हलवत होते. वर्गात एखादं पोरगं काही न समजता मान हलवतं तशी. त्यांनी एकाही शब्दाला थांबवलं नाही. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

आम्ही आत गेलो. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. "एवढा येळ काय सांगत व्हता त्यो?"

"इंग्रजीत बोलत होता," सर म्हणाले.

"मंग तुमाला कळलं आसंल की."

सर स्टुलावर बसले. त्यांनी घसा साफ केला आणि 'पेशंट' या शब्दाबद्दल सांगायला लागले. पेशंट म्हणजे सोसणारा. मग हॉस्पिटल, म्हणजे पाहुण्यांची जागा. मग नर्स, म्हणजे पोसणारी, भरवणारी. पुढचे दोन-तीन दिवस मी जाईन तेव्हा हेच चालू असायचं. त्या खोलीत दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूचं मूळ सांगून झालं, सलाइनच्या बाटलीतल्या मिठाचं सुद्धा. काकू ऐकून घेत होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी सरांचं बोलणं एवढं निमूटपणे कधी ऐकलं नव्हतं, आणि त्याचंच सरांना जास्त ओझं होत असावं.

शेवटी एका दुपारी सर 'टॅब्लेट' म्हणजे छोटी पाटी असं सांगत असताना काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "मूळ नगं," त्या म्हणाल्या. "अर्थ सांगा. त्यो डाक्टर काय म्हनला, त्याचा अर्थ."

सर खिडकीकडं बघत राहिले. त्यांचा हात काकूंच्या हाताखालीच होता. त्यांचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. मराठीतला आला नाही, इंग्रजीतला आला नाही. ते उठले आणि बाहेर गेले. काकू मला म्हणाल्या, "बघ, सारी जिनगी बडबडला, आन् आता येक बोलाय येईना." त्यांचा आवाज रागाचा नव्हता.

मी सरांच्या मागं गेले. ते डॉक्टरांच्या दारातली रांग ओलांडून सरळ आत गेले होते. डॉक्टर कुणाला तरी तपासत होते, ते होईपर्यंत सर उभे राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर या शब्दाचा मूळ अर्थ शिक्षक. शिकवणारा. माझाही जन्म त्याच धंद्यात गेला. पण हा एक धडा मला तिला शिकवता येत नाही. तुम्ही शिकवा. आणि मराठीत शिकवा."

मला वाटलं डॉक्टर चिडतील. त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला आणि ते आमच्याबरोबर आले. त्यांनी स्टूल काकूंच्या अगदी जवळ ओढलं. सुरुवातीला त्यांची जीभ पुन्हा पुन्हा इंग्रजीकडं वळत होती. "इंग्रजी आलं की थांबत जावा," काकू म्हणाल्या, "मला घाई न्हाय." डॉक्टर थांबायचे, शब्द शोधायचे, पुढं बोलायचे. त्यांनी सांगितलं की आजार यकृतापर्यंत गेला आहे, तो काढून टाकता येणार नाही. बरं होणं आता नाही, पण त्रास होऊ न देणं आपल्या हातात आहे.

काकूंनी सगळं ऐकलं. "दुखंल का लई?"

"दुखू देणार नाही. त्याची औषधं आहेत."

"घरी जाता यील?"

"येईल. घरीच बरं वाटेल तुम्हाला."

काकूंनी जरा विचार केला. "मंग येक सांगा. ह्या वक्ताला बहार धरू का नगं?"

डॉक्टरांना कळेना. ते सरांकडं बघायला लागले. सरांनी खाली बघत समजावलं. डाळिंबाच्या बागेचं पाणी तोडून तिला ताण द्यायचा असतो, पानं गळू द्यायची. मग पाणी सोडलं की फुटते, फुलावर येते. तिथून फळ हाती यायला पाच-सहा महिने लागतात.  डॉक्टरांच्या हळूहळू ध्यानात आलं की त्यांना काय विचारलं गेलंय. त्यांनी काकूंचा हात हातात घेतला. "धरा," ते म्हणाले. "बागेला पाणी सोडा. तोडणीला तुम्ही असालच, असं मला सांगता येणार नाही."

"ते न्हाई इचारलं मी," काकू म्हणाल्या. "बाग मोकळी ऱ्हाऊ ने, एवढंच." आणि मग पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सर भिंतीकडं तोंड करून उभे होते.

काकूंना निरवांगीला नेलं. मी रविवारी औषधं घेऊन जायचे. बाज ओसरीवर टाकली होती, तिथून बाग दिसायची. काकू बाजेवरून हुकूम सोडायच्या आणि सर चुलीपासून बागेपर्यंत पळायचे. त्यांनी पहिल्यांदा केलेली खिचडी काकूंनी एक घास खाल्ली. "ह्याचं मूळ काय हाय?" त्यांनी विचारलं. "तांदूळ का चिखल?" सर हसले नाहीत, त्यांनी वाटी उचलली आणि दुसऱ्यांदा करायला गेले. तिसऱ्या रविवारी मी खाल्ली ती खिचडी खरोखर बरी होती. सर बागेत आले तरी आता मजुरांचं काम थांबत नसे. कुठल्या फांदीला किती फुलं ठेवायची, हे सर काकूंना येऊन विचारायचे आणि परत जायचे.

एका रविवारी मी गेले तेव्हा सर काकूंच्या पायांना तेल लावत होते. काकू फार बारीक झाल्या होत्या. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "अवो, त्या डाक्टरनं पहिल्या दिशी शबुद काय वापरला व्हता? शैला व्हती बघा तवा."

सरांचा हात थांबला. "पॅलिएटिव्ह."

"त्याचं मूळ काय?"

लग्न झाल्यापासून काकूंनी मनापासून विचारलेलं हे पहिलं मूळ असावं. खिचडीचं मी धरत नाही. सरांनी माझ्याकडं बघितलं, मग काकूंकडं. "पॅलियम," ते म्हणाले. "लॅटिनमध्ये अंगावर घ्यायचा मोठा झगा. पांघरूण म्हण."

काकूंनी ते मनात घोळवलं. "म्हंजी दुखनं जात न्हाय. झाकून ठिवायचं."

"हो."

"बरं हाय," काकू म्हणाल्या. "झाका." सर पुन्हा तेल लावायला लागले. त्या दिवशी ते त्या एका शब्दावर जास्त काही बोलले नाहीत. ज्यांना सर माहीत आहेत त्यांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही.

फळ लिंबाएवढं झालं होतं तेव्हा काकू गेल्या. सकाळची वेळ होती, सर चहा गाळत होते. दिवसकार्य झाल्यावर मुलानं त्यांना पुण्याला चला म्हणून फार आग्रह केला, पण सर तोडणी झाल्याशिवाय हलले नाहीत. माल चांगला आला. इंदापूरच्या बाजारात ते स्वतः गाडीबरोबर गेले, आणि लिलाव चालू असताना गप्प उभे राहिले, असं गावातल्या एकानं मला सांगितलं. त्याला ते विशेष वाटलं होतं. तोडणीनंतरही ते पुण्याला गेले नाहीत.

बऱ्याच दिवसांनी ते दुकानात आले. मी त्यांना आत पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. ते काउंटरवरची खोकी वाचत नव्हते. गिऱ्हाइकं येत होती, इंग्रजी शब्द उच्चारत होती आणि सर ते सगळे तसेच जाऊ देत होते. मला ते बघवेना.  मी गोळ्या मोजत होते, तेव्हा त्यांनी आपणहून तोंड उघडलं.

"शैला, इंग्रजीत बायकांचे शब्द पुरुषांच्या शब्दांवरून करतात. प्रिन्सवरून प्रिन्सेस, होस्टवरून होस्टेस. मी जन्मभर तेच शिकवलं. एका ठिकाणी मात्र उलटं आहे. विडो. आपली विधवा आणि ती विडो, दोघी एकाच मुळाच्या, फार जुन्या. बायको गेलेल्या पुरुषाला म्हणायला त्यांच्याकडं शब्दच नव्हता. कुणाला गरज वाटली नसेल. मग पुढं कधीतरी तिच्याच शब्दाला मागं एक शेपूट जोडलं आणि विडोअर केला."

मी गोळ्यांची पट्टी पाकिटात घातली.

"ज्यानं केला त्यानं बरोबर केला," सर म्हणाले. "आधी ती. मागं जोडलेलं ते मी."

त्यांच्या गाडीची वेळ होत आली होती. मी शेजारच्या दुकानदाराला लक्ष ठेवायला सांगून त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले. निरवांगीकडं जाणारी एसटी लागली तसे लोक दाराकडं धावले. सरांनी बाहेरूनच खिडकीतून आपली कापडी पिशवी आत टाकली, मग चढले, खिडकीशी बसले आणि पिशवी शेजारच्या जागेवर सरळ करून ठेवली. गाडी भरत आली. भाजीची रिकामी पाटी घेतलेली एक बाई त्यांच्यापाशी येऊन उभी राहिली.

"तात्या, हितं कुनी हाय का?"

सरांनी पिशवीकडं बघितलं. मग ती उचलून मांडीवर घेतली.

"न्हाय," ते म्हणाले. "बस."